मंगळवारची नदी

नदी आठवड्याचे सातही दिवस वाहत होती, पण कार्यालयाच्या लेखी ती फक्त मंगळवारी वाहायची. कारण गाडी एक आणि खाती पाच. सोमवारी गाडी बियाणंवाल्यांची, बुधवारी रोगराईवाल्यांची, पुढचे दोन दिवस आणखी कुणाकुणाचे. नदी तपासणाऱ्या खोरे कार्यालयाच्या वाट्याला मंगळवार. तेव्हा नदीनं आपलं काय दुखतंखुपतं ते मंगळवारी सकाळी सव्वादहाला सांगावं, एरवी गप्प बसावं, अशी व्यवस्था होती.

ते ऐकून घेणारी बाई तपासनीस म्हणून लागली त्याला बारा वर्षं झाली होती. खांद्याला बाटल्यांची पिशवी लावून फिरते म्हणून नदीकाठचे लोक तिला बाटलीबाई म्हणत. नव्या माणसाचा गैरसमज होई, पण तिची हरकत नव्हती. माणसांनी नदीचं किती वाटोळं केलं, हे मोजणं तिचं काम. खोऱ्यात अकरा ठिकाणं होती आणि सगळ्यात वाईट अकरावं, चार कापड कारखान्यांच्या खालच्या अंगाला, जुन्या पुलाखाली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या घरात असला तर मासा सुखात नांदतो, दोनच्या खाली गेला की गाशा गुंडाळतो. पुलाखाली तो कायम सव्वाच्या आसपास. १.२, १.४, १.३. बारा वर्षं, मोत्यासारख्या अक्षरात. एक मंगळवार चुकला नव्हता. याचा तिला जरा जास्तच अभिमान होता. अभिमान बाळगायला तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं, हेही लिहून ठेवलेलं बरं.

या आकड्यांवरून आता खोऱ्याचा मोठा अहवाल तयार झाला होता. पुलापासून बंधाऱ्यापर्यंतची दोन किलोमीटर नदी ‘मृत’ ठरणार होती. मेलेली नदी उघड्यावर कशाला ठेवायची? अभियंत्यांनी नकाशा काढलाच होता: वरून काँक्रीटचं झाकण आणि झाकणावर रस्ता. तीन आठवड्यांनी बैठक, तिथं मंजुरी, की काम सुरू. झाकण एकदा पडलं की पडलं. आकड्यांखाली सही बाटलीबाईची होती. आकडे खरे, सहीही खरी. तक्रारीला जागाच नव्हती.

आणि नेमकी त्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांची कंबर धरली.

मंगळवार बुडाला. बाईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी काका पट्टा बांधून हजर झाले आणि गाडीही कशी कोण जाणे रिकामी होती.

“काका, आज शुक्रवार आहे,” पुलाशी उतरताना ती दबक्या आवाजात म्हणाली, जणू दुसऱ्याच्या घरात शिरत होती.

“मग? नदीला रजा आहे का आज? भरा बाटली.”

तिनं बाटली भरली, वरून दोन औषधं सोडली, बूच लावून हलवली. पाण्यात प्राणवायू नसला तर खाली बसणारा गाळ पांढरट राहतो, असला तर तपकिरी होतो. मंगळवारी तो कालवलेल्या चुन्यासारखा दिसायचा. आज कडक चहासारखा झाला.

“काका, औषध बिघडलंय.”

“शाबास! रोग्याचा ताप उतरला की थर्मामीटर मोडला म्हणायचं. कसल्या हो तुम्ही डॉक्टर?”

तिनं दुसरी बाटली भरली, मग तिसरी. तिन्ही चहा. प्रयोगशाळेत दोनदा मोजलं. ५.४.

संध्याकाळी नणंद आली. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहणारी आणि चारांतल्या सर्वांत मोठ्या कारखान्यात कापड धुण्याच्या विभागाची मुकादम. रोज पाच मिनिटं टेकते म्हणून यायची आणि भावाच्या घराची तपासणी करून जायची. तपासनीस घरात एकच नव्हती.

“डाळ करपली वाटतं,” दारातूनच तिनं नोंद केली.

“करपली. वन्सं, एक विचारू? कापडाची खळ धुतलेलं पाणी तुम्ही नदीत कधी सोडता?”

विणताना सुताला लावलेली खळ रंगवण्याआधी धुऊन काढावी लागते. ते पाणी दिसायला गरीब, पण कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू घटाघटा पिऊन टाकतं.

“सोमवारी संध्याकाळी. आठवडाभर हौदात साठवायचं, सोमवारी चारही कारखान्यांनी एकदम मोकळं करायचं. मंगळवारी आम्हाला सुट्टी.”

“एकदम कशाला? रोज थोडं थोडं का नाही?”

नणंदेनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या वेळी मुलीची हुशारी नीट पारखली नव्हती की काय.

“अगं वहिनी, तुझ्यामुळे! तू मंगळवारी येतेस ना! तू पुलावर उभी आणि आमच्या नळीतून पाणी पडतंय, हे मालकांना परवडेल का? म्हणून सोमवारी हौद रिकामे, मंगळवारी कुलूप, आणि मधल्या वारी कुणी डोकावलं तरी नळीतून थेंब नाही. आधी रोजच सोडायचो. तू लागलीस आणि ही शिस्त आली.”

बाईला आठवलं. दर मंगळवारी ती स्वतःच शेऱ्यात लिहायची: नळी कोरडी.

“वर्षातून एकदा तुझा ‘नळी कोरडी’ शेरा वाचून मालक पेढे... नाही, पेढे नाही, पण चहा तरी पाजतात,” नणंद म्हणाली.

बाई खुर्चीत बसली. कारखानदार तिला चुकवत होते, म्हणून आठवड्याची घाण एका रात्रीत नदीत ओतत होते. दुसऱ्या दिवशी ती बरोबर वेळेवर येऊन ती घाण मोजत होती. आणि तिच्या वक्तशीरपणावर नदीचा मृत्यूचा दाखला निघत होता. माणसानं नदीवर केलेला परिणाम ती बारा वर्षं मोजत होती, आणि त्यात मोठा वाटा तिच्याच येण्याचा होता.

गप्प बसणं सोपं होतं. प्रमुख तपासनिसाची जागा महिन्याभरात रिकामी होत होती आणि यादीत पहिलं नाव तिचं. बोलली तर बारा वर्षांची वही कवडीमोल. नाही बोलली तर दोन किलोमीटर नदी झाकणाखाली. बाईनं दोन्ही बाजू नीट मांडून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बसनं पुलावर जायला लागली. रजा टाकून, रोज.

मंगळवार १.३. बुधवार २.६. गुरुवार ४.१. शुक्रवार ५.३. रविवारी ५.९, आणि सोमवारी सकाळी सहा. नदी दर आठवड्याला मरत होती आणि दर आठवड्याला उठून बसत होती. पंचाईत एवढीच की पाहुणे फक्त मयताच्या दिवशी यायचे.

“माझ्या पोटावर पाय आणू नकोस हं,” नणंद दोनदा बजावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं आकडे उलटसुलट वाचले आणि विचारलं, “रोज थोडं सोडलं, तर झेपेल म्हणतेस नदीला?”

“झेपेलसं वाटतं. छातीठोक नाही सांगत. छातीठोक सांगून झालं बारा वर्षं.”

बैठकीत कार्यालयाच्या साहेबांनी अहवाल उघडला तेव्हा बाई उभी राहिली आणि म्हणाली, “अकराव्या ठिकाणचे माझे आकडे धरू नका.” मग सात दिवसांचा तक्ता पुढे सरकवला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला.

“म्हणजे बारा वर्षं तुम्ही काय मोजत होतात?” साहेबांनी विचारलं.

“मंगळवार, साहेब.”

अभियंता हसला. “एका आठवड्याच्या बाटल्यांवर आम्ही प्रकल्प थांबवायचा?”

“नका थांबवू. तीन महिने पुढे ढकला. झाकण कधीही घालता येतं. काढता येत नाही.”

साहेब रागावले, ते स्वाभाविक होतं. पण साहेब मूर्ख नव्हते. जिवंत नदीवर झाकण घातल्याचं उद्या कुणी उकरून काढलं, तर खाली सही आपली असेल, एवढं त्यांना एका चहात कळलं. तीन महिने मिळाले. प्रमुखाची जागा मात्र शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मिळाली. ते बाईला भेटायला आले तेव्हा ओशाळलेले होते. तिनंच त्यांना धीर दिला.

अकराव्या ठिकाणाला आता वार ठरलेला नव्हता. डब्यात सात चिठ्ठ्या. काका दर रविवारी संध्याकाळी एक उचलत आणि इतर खात्यांशी भांडून गाडी मिळवत. बाटलीबाई कधी येईल याचा नेम नाही म्हटल्यावर कारखान्यांची कोरडी नळी दाखवायची सोयच गेली. हौद साठवून ठेवणं म्हणजे पुरावा साठवणं. चौघांनी पाणी रोज थोडं थोडं, निवळून सोडायला घेतलं. नणंदेनं त्याचं वेळापत्रक करून दिलं आणि मालकांना पटवलंही. सुट्टी मंगळवारची रविवारी गेली. त्यामुळे ती आता रविवारी दिवसभर भावाच्या घरात असते. कोणत्याही सुधारणेची किंमत कुणीतरी मोजतंच.

तीन महिन्यांत पुलाखालचा नीचांक निघाला ४.२. सहा नव्हे. पाण्याला अजून रंगाची छटा होती आणि पाऊस कमी झाला तर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पुढच्या बैठकीत ‘मृत’ हा शब्द साहेबांनी स्वतःच्या हातानं खोडला. अभियंत्यानं नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला, फाडला नाही.

बैठक संपल्यावर बाई मागे थांबली.

“आता काय?” साहेब म्हणाले.

“बाकीची दहा ठिकाणंही मी मंगळवारीच मोजली आहेत, साहेब.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. “आणखी किती चुका काढणार आहात?”

“तिथं चूक असेलच असं नाही. पण जाऊन पाहावं लागेल. आणि गाडी आठवड्यातून दोनदा लागेल.”

“दोनदा मिळणार नाही.”

“मग बसचा पास द्या,” असं म्हणून ती तिथंच उभी राहिली. साहेबांनी पासाचा कागद शोधायला खण ओढला.