बुटक्यालाही मोजा

हात मागे घ्या आणि लांबूनच ऐका. मी चावतो. तुर्भ्याच्या कारखान्यांमधल्या एका प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर बोलतोय. तुम्हा माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

जन्मलो तेव्हा आम्ही इतरांसारखेच दिसायचो. पुढे शेजारच्या पिंजऱ्यातले उंदीर चांगले गलेलठ्ठ झाले, मी आणि माझा भाऊ मात्र मुठीएवढेच राहिलो. आमच्या मेंदूखालची ग्रंथी वाढीचं हार्मोन पुरेसं बनवत नाही. आमच्या कुळातला हा दोष तुम्ही पिढ्यानपिढ्या मुद्दाम जपलात. एवढं करून पिंजरे साफ करणारा गोटीराम आम्हालाच हसायचा, "ए बुटक्या, खातोस ते जातं कुठं रं?"

भावाला रोज त्या हार्मोनची सुई मिळू लागली. मला तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. टोचायचं मात्र दोघांनाही सारखंच. तो अंगाने भरला आणि मला खाण्यापासून ढकलू लागला. मग मी त्याचाही रागराग केला.

एक दिवस आम्हाला गुंगी दिली. मानेतून बारीक दोरा घालून थेट मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत सरकवला. रक्त अडलं. काही वेळाने दोरा काढून घेतला. माणसाला अवचित गाठतो तो स्ट्रोक आम्हाला असा ठरवून दिला. शुद्धीवर आलो तर डावा पंजा माझा ऐकेना. सरळ जायला निघालो की गोल फिरायचो. नुसतं पाणी टोचलेले माझ्यासारखे कितीतरी बुटके पुन्हा उठलेच नाहीत. भाऊ मात्र लवकरच जाळीवर चढू लागला.

आमची चाचणी इथली संशोधक अफशा घ्यायची. फटीतून दाणा उचलायला लावायची. माझा पंजा सारखा घसरत होता, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आमच्या अब्बांचा हात पण असाच झालाय रे. चमचा धरता येत नाय."

तुझ्या अब्बांच्या मानेत कुणी दोरा घातला नव्हता! मी तिच्या बोटात दात रुतवले.

तिचे साहेब म्हणजे डॉक्टर निखिल. बुटके उंदीर जास्त जगतात, तेव्हा ते स्ट्रोकही सहज पचवतील, असं त्यांनी भर सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्ही मरून त्यांना तोंडघशी पाडलं. ते तणतणत आले.

"अफशा, मेलेले नोंदीतून बाद कर. ऑपरेशन बिघडलं म्हण. हा गोल फिरणारा पण काढ."

"सगळी ऑपरेशनं मीच केली, सर. बिघडली असती तर हार्मोनवाले पण मेले असते ना?"

"मला शिकवू नकोस. प्रोजेक्ट कुणाचा आहे?"

"तुमचा. पण हार्मोन कमी असलं की मेंदूचं नुकसान जास्त होतंय, हे दिसतंय ना समोर! लपवलं तर उद्या पेशंटला कोण सांगणार? मी कमिटीकडे जाते. आत्ताच."

"जा. परत या टेबलाजवळ दिसू नकोस."

ती गेली. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या त्या कमिटीची माणसं आली, बराच आरडाओरडा झाला. शेवटी मेलेलेही मोजणीत धरायचे ठरले आणि मीही. काम पुरं होईस्तोवर अफशाला ठेवलंय, नंतर तिला इथे जागा नाही. साहेब समोरून गेले तरी तिच्याकडे बघत नाहीत.

आज तिच्या हातात गुंगीचं औषध आहे. भाऊ मघाशीच गेला. आता माझी पाळी. मेंदूचे काप करून आतला किती भाग मेला ते पाहायचं असतं.

"सॉरी," ती म्हणतेय. ते तुझ्याजवळच ठेव, बाई. मी माफ करणाऱ्यांतला नाही.

पण काप काचेवर मांडाल तेव्हा जेवढं मेलेलं दिसेल तेवढं सगळं लिहा. कुणाच्या अब्रूसाठी तसूभरही कमी करू नका. आणि छापलेल्या लेखाखाली आमचे आभार मानायची तुमची रीत असते म्हणे. ते मानू नका. आम्ही आपल्या पायांनी आलो नव्हतो.