करीम मास्तरांची अमानत

हरिहरदादाकडून मधुसूदनने तो शिक्का एका दिवसाच्या बोलीवर मागून आणला होता. काळ्या दगडाची पेराएवढी, लांबट नळीसारखी गुंडी, आरपार भोक पाडलेली. ओल्या मातीवरून फिरवली की चित्र उमटे: बसलेला राजा, त्याच्यापुढे हात उचललेला माणूस, मधे बोकड. प्राचीन इराणातल्या एलामी लोकांचं तीन हजार वर्षांपूर्वीचं काम. इराणात दंगे पेटले तेव्हा शूशच्या करीम मास्तरांनी ती तिथली नोकरी सोडून परत निघालेल्या दादाच्या हातात दिली होती, अमानत म्हणून. आता मास्तरांचं पत्र आलं होतं: संग्रहालयात द्यायचीय, पाठव. शनिवारी दादाचा एक मित्र तिकडे निघणार होता.

चिंचवडच्या कंपनीत मधुसूदन तपासणी खोलीत होता. मायक्रोमीटर हाताशी, मग राहवतंय कसलं! जाडी टोकांना १२.४० मिलिमीटर, मधे १२.१०. चिठ्ठी लिहून त्याने ट्रेमध्ये गुंडीखाली सरकवली आणि तो जेवायला गेला. चिठ्ठीसकट ट्रेमध्ये पडलेला जॉब म्हणजे मापात चुकलेला, तो ग्राइंडिंगला घासायला न्यायचा, हा नियम त्यानेच घातलेला.

परतला तर ट्रे रिकामा.

"या साहेब!" मोशीचे दत्तोबा ग्राइंडिंगच्या मशीनपाशी गुंडी पुसत होते. "कुठल्या गाढवानं केलाय ह्यो जॉब? मधी पार कंबर पडलीती. दगड हाय म्हणून हळूहळू घेतला. आता केसभर फरक घावला तर मिशी काढीन!"

"दत्तोबा, त्याच्यावर चित्र होतं."

"हाय की अजून मधलं. कडंचं गेलं थोडं. चिठ्ठीवर चित्राचं काय लिवलं न्हवतं."

नव्हतंच लिहिलेलं. मधुसूदनने गुंडी मातीवर फिरवली. कंबर वाचली होती, घासली गेली होती टोकं. आणि डोकी नि पाय टोकांनाच होते. बिनडोक्याच्या राजापुढे बिनपायांचा माणूस हात उचलून होता.

संध्याकाळी आकुर्डीला दादाने गुंडी दिव्याखाली धरली.

"कुणी केलं हे?"

बसमध्ये मधुसूदनने दत्तोबांचं नाव सांगायचं मनात घोळवलं होतं. "मी," तो म्हणाला. "चिठ्ठी माझी होती."

दादा चिडला नाही, हेच वाईट झालं. तो गुंडी बोटांत फिरवत राहिला. "किती गुळगुळीत झालीय. मास्तरांना वाटेल, अस्सल ठेवून घेतली आणि नक्कल पाठवली."

"मी पत्र लिहितो. सगळं खरं लिहितो."

"लिही."

मधुसूदनने तीन कागद फाडले. चिठ्ठी, ट्रे, जेवणाची सुट्टी. सगळं जसं घडलं तसंच लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी वाचताना ती चोराची सबब वाटत होती.