अंगणात राहिलेली शिडी

"मी घेतलेली असली, तर चावी देऊ नकोस. मी ओरडेन, हातापाया पडेन, वाटेल ते बोलेन. तरी देऊ नकोस."

हे त्यानंच तिला सांगितलं होतं. एका सकाळी, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच ठेवून, आरशातून तिच्याकडे बघत. आदल्या संध्याकाळी पिऊन येऊन मोटारसायकल आत घेताना त्यानं फाटकाचा खांब ठोकला होता आणि सकाळी खांबावरचा ओरखडा बघून त्याचा तोच घाबरला होता.

"वचन दे."

"दिलं," ती म्हणाली.

तेव्हापासून घरात रीतच पडली. लोकांचे फ्रिज दुरुस्त करून तो घरी आला, की ती दारात तळहात पुढे करायची आणि तो त्यावर चावी ठेवायचा. तोंडाला वास नसला, तर चावी खिळ्यावर जायची. असला, तर साखरेच्या डब्यामागे. मग आकाश कोसळलं तरी सकाळपर्यंत ती बाहेर यायची नाही. तो ओरडून बघायचा, लाडीगोडी लावून बघायचा. एकदा स्वयंपाकघराच्या दारात बसून लहान मुलासारखा रडला. ती भांडी घासत राहिली. सकाळी देवापुढे हात जोडावेत तितक्याच निमूटपणे तिनं हा नेम पाळला होता, आणि खोटं कशाला बोला, त्याचा तिला मनातून थोडा तोराही होता.

तो नेम मोडला, पण ओरडण्यानं नाही.

सुट्टीची दुपार होती. तिचा धाकटा भाऊ रंगारी. शाळेची इमारत रंगवून संपवली आणि खांद्यावरच्या शिडीसकट तो थेट बहिणीकडेच आला. शिडी मागच्या भिंतीला टेकवली आणि दोघांची बैठक अंगणात झाडाखाली बसली. त्या दोघांचं पहिल्यापासून गूळपीठ. बाटली निघाली तशी तिनं खिळ्यावरची चावी साखरेच्या डब्यामागे नेली. बाटली उतरत गेली तसे आवाज चढत गेले. ऊन कलल्यावर धाकटा झाडाला धरून उठला.

"चला दाजी, घरी सोडा मला. शिडी राहू दे, उद्या नेईन. आज ती मला न्यायला बघतेय."

नवरा दारात आला. "चावी."

"नाही."

कुंपणापलीकडे शेजारच्या काकू वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांच्या ओसरीत पाहुणे बसले होते. धाकट्याला आयतेच प्रेक्षक मिळाले.

"अगं ताई, दे की! काय दाजी, बाहेर एवढ्या मिशा पिळता आणि घरात ताटाखालचं मांजर? म्याव करा, म्हणजे देईल ती." आणि त्यानं स्वतःच असं हुबेहूब म्याव केलं, की पलीकडे हशा पिकला. काकूंनी हातातला टॉवेल तोंडाला लावला.

आता हा ओरडणार, म्हणून ती पाय रोवून उभी राहिली. पण तो ओरडला नाही. त्यानं नुसती मान खाली घातली. कान लालबुंद झाले होते. स्वतःच्या चपलांकडे बघत तो म्हणाला, "राहू दे. जातो मी आत, पडतो जरा."

आणि तो खरंच वळला.

ओरडण्याला काय उत्तर द्यायचं, ते तिला पाठ होतं. खाली गेलेल्या मानेचं काय करायचं, ते तिला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. चारचौघांत आपल्या माणसाचं हसं आपल्यामुळे झालं, एवढंच तिला दिसलं.

"अहो, थांबा," ती म्हणाली. साखरेच्या डब्यामागून चावी काढून तिनं सगळ्यांना दिसेल अशी त्याच्या हातावर ठेवली. "तुमचीच गाडी, तुमचीच चावी. सावकाश जा म्हणजे झालं."

पाण्याच्या टाकीजवळ रस्ता वळतो. समोरून ट्रक आला नव्हता, कुत्रं आडवं गेलं नव्हतं, रस्ता कोरडा आणि मोकळा होता. वळण रोजच्याच जागी होतं. ते आलंय, हे त्याला उशिरा कळलं. गाडी टाकीच्या भिंतीला घासत गेली. त्याचं कोपर सोलवटलं. मागे बसलेल्या धाकट्याचा गुडघा गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण शिडीचं नाव काढायचं नाही.

दवाखान्यात धाकटा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाला, "ठरलं तर मग. कंबरेपर्यंतची भिंत माझी. वरची दाजींची."

सगळे कसनुसे हसले. नवरा हसला नाही. "रंगवीन," तो म्हणाला.

बाहेर बाकावर धाकट्याच्या बायकोनं, वहिनीनं, तिचा हात हातात घेतला. "ताई, तुम्ही रडू नका. तुम्ही तरी काय करणार होतात? प्यालेल्या माणसाला कोण अडवणार?"

अडवणारी तीच होती. रोजच अडवत होती. आणि त्या दिवशी तर तो अडलाही होता. वहिनीचा तो ऊबदार हात सोडवून घ्यावा, की तसाच राहू द्यावा, हेही तिला कळेना. कुणी चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मोटारसायकल झाकून ठेवलेली राहिली. तो हत्यारांची पिशवी घेऊन बसनं कामाला जाऊ लागला. पिणं बंद होतं. पण धाकट्याच्या घराकडे त्याचं पाऊल वळेना. ती जायची, खाली मान घालून वहिनीच्या हातचा चहा प्यायची आणि परत यायची. शिडी मागच्या भिंतीला होती तशीच होती. ती न्यायला कुणी आलं नाही आणि पोचवायला कुणी गेलं नाही. कपडे वाळत घालताना ती शिडीकडे पाठ करायची.

मग एका दुपारी तो लवकर घरी आला. दारातच वास आला.

"चावी दे."

"नाही."

"ऐक तरी. आज बसमधून धाकटा दिसला. कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत रंगवत होता, बुटक्या स्टुलावर बसून. खालची अर्धी पिवळी आणि वर नुसतं प्लास्टर. मला बघून हात केला त्यानं. म्याव म्हणाला असेल, ओठ तसे हलले." त्याचा आवाज फाटला. "आत्ताच जातो. पाय धरतो त्याचे. आत्ता नाही गेलो, तर माझ्याच्यानं कधीच व्हायचं नाही."

"उद्या जा."

"अगं, मी मजा मारायला नाही, माफी मागायला चाललोय!"

"माफी शुद्धीत मागायची असते."

त्यानं मान खाली घातली. तीच मान, तसेच लाल कान. कुंपणापलीकडे काकू दोरीवर कपडे घालत होत्या. ती दारातून हलली नाही.

"त्या दिवशी तुम्ही मागे फिरला होतात," ती म्हणाली. काकूंना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच. "चावी मी दिली. लोक हसले, म्हणून दिली. धाकट्याच्या गुडघ्यापेक्षा मला लोकांचं हसणं मोठं वाटलं."

पलीकडे काकूंचा हात दोरीवरच थांबला.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "तू दिलीस. पण घेतली मीच ना?"

"हो. वहिनीला मी सगळं सांगणार आहे."

"ती तुला दारात उभी करणार नाही."

"नाही केलं तर नाही. तुम्ही 'रंगवीन' म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," तो म्हणाला.

सकाळी ती उठली, तेव्हा तो अंगणात होता. दाढी केलेली, अंगात जुना शर्ट. ओल्या फडक्यानं तो शिडीची एकेक पायरी पुसत होता. कोळ्यानं केलेलं जाळं त्यानं हलकेच काढून झाडावर सोडलं. मग तिच्यापाशी येऊन, तिनं हात पुढे करायच्या आतच, त्यानं साखरेच्या डब्यामागून काढून आणलेली चावी तिच्या तळहातावर ठेवली. वास नव्हता. तिनं ती खिळ्याला लावली.

त्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि फाटकाशी अडला. शिडी लांबलचक, वळताना मागचं टोक खांबावर आपटणार होतं. तिनं पायात चपला सरकवल्या आणि ते टोक उचलून धरलं.

"एवढ्या सकाळी दोघं कुणीकडे?" काकूंनी कुंपणावरून हळूच विचारलं.

"धाकट्याकडे," ती म्हणाली.

ओरखड्याच्या खांबाला न घासता शिडी बाहेर निघाली. पुढे तो, मागे ती.