पन्हाळीखालची जागा

नारायणराव पाहुण्याला आधी पन्हाळ दाखवत, मग पाणी विचारत. मलकापुरात स्टेशनच्या अलीकडे त्यांचं टिनाच्या छपराचं घर, आणि छपराच्या कडेला त्यांच्या वडिलांनी जिनिंगच्या जुन्या गोदामातून आणून चढवलेली बिडाची पन्हाळ. ओतीव लोखंडाची, एकेक तुकडा दोघांनी उचलावा असा. "आजकालचं प्लास्टिक दोन उन्हाळ्यात तडकते. हे पाहा, सत्तर वर्सं झाले," असं ते सांगत. पाहुणा मान अवघडेपर्यंत वर पाही, मग चहा येई.

पन्हाळीची देखभाल घराण्याच्या रीतीने चाले. म्हणजे दर मे महिन्यात हिरवा ऑइलपेंट, बाहेरून. आत कडुनिंबाचा पाला, चिमण्यांची घरटी आणि गंज सुखाने नांदत. आतली बाजू रस्त्यावरून दिसत नाही, तिच्यावर रंग कशाला वाया घालवायचा? आणि पाडव्याला गुढीचा बांबू नेमका ओसरीवरच्या कोपऱ्यातल्या जोडाला सुतळीने करकचून बांधायचा. वारा सुटला की गुढी हले, गुढीबरोबर जोड हले. घरच्यांना फक्त गुढी डौलात हललेली दिसे.

त्यांच्या सुनेला, सुचिताला, जोड दिसे. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली होती आणि आता ती दोन वर्षांच्या गार्गीची आई होती. पहिल्या शिक्षणाने गंज म्हणजे काय ते कळलं होतं, दुसऱ्याने तो कुणाच्या डोक्यावर आहे ते. ओसरीचा तो कोपरा घरातला सगळ्यात गार, म्हणून गार्गीची चटई तिथेच. रोज सकाळी चटई झटकताना तांबूस खपल्या निघत.

"मामाजी, कोपऱ्यातला जोड ढिला झाला," ती सासऱ्यांना म्हणाली. "खपल्या पडून राह्यल्या."

"बिडाले काई होत नाई. रंगाच्या असतीन."

"रंग हिरवा आहे, मामाजी."

नारायणरावांनी पेपरचं पान उलटलं. विषय संपला.

सासूबाईंनी, आशाबाईंनी, तो संपू दिला नाही. "तुले तं पायरी दिसली की पोरगी पडलेली दिसते. आमी चार लेकरं याच ओसरीत वाढवले. एकाले तरी खोक पडली का?"

चौघांपैकी तिघांच्या कपाळावर खुणा होत्या, पण त्या पन्हाळीच्या नव्हत्या, हे खरं. त्यातली एक खूण सुचिताच्या नवऱ्याच्या कपाळावर होती. तो सागर नाशिकहून फोनवर म्हणाला, "तू सकाळी जरा योगा करत जा." योगाने बोल्ट कसे आवळले जातात, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मग कचरू मिस्त्री हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला. शिडी लागली. सुचिताने खालून पान्हा दिला. "कचरूभाऊ, रंगाच्या आधी जरा ठोकून पाहा न."

कचरूने ठोकलं. टण्ण. पुढे टण्ण. पुढे टण्ण. कोपऱ्यावर आला आणि आवाज आला, थप्प.

"हे तडकलं, मालक," तो वरून म्हणाला. "बोल्ट एकच राह्यला. उतरवून घासा लागीन, आतून रेड ऑक्साइड, जोडात पुट्टी, बोल्ट नवे. तड्याले पट्टी मारतो."

"बाबांनी चढवलेली पन्हाळ उतरवाची नाई," नारायणराव आरामखुर्चीतून म्हणाले. "तू रंग मार."

कचरू रंग ढवळू लागला.

"बरोबर आहे मामाजींचं," सुचिता म्हणाली. तिने चटई गुंडाळली आणि दाराजवळ नेऊन अंथरली, मामाजींची खुर्ची असे तिथे. गार्गीला तिथे बसवलं. मग मामाजींना हात देऊन उठवलं आणि त्यांची खुर्ची, पेपर, पाण्याचा तांब्या, सगळं आदराने कोपऱ्यात मांडलं. "इथी गार आहे. इतके दिवस तुमची जागा पोरीनं अडवली होती. बसा, बिडाले काई होत नाई."

कचरू शिडीवरून पाहत होता. नारायणरावांना बसावंच लागलं.

ते बसले. पेपर उघडला. अग्रलेखावर एक खपली पडली, ती त्यांनी फुंकली. वर चिमणी आली, त्यांनी मान आत घेतली. दुसरी आली तेव्हा पेपर अलगद डोक्यावर गेला.

"अहो, जरा इकडं सरका," आशाबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"असंच."

"काई होत नाई म्हंतलं न."

"मंग पेपर डोक्यावर काऊन धरला? टाळूनं वाचता का आता?"

वर कचरूला खोकला आला. नारायणराव उठले, लुगडी वाळत घातलेल्या दोरीकडे बघत म्हणाले, "कचरू, आलाच आहे तं उतरवूनच घे. मी कवाचा सांगून राह्यलो."

शेजारच्या गोविंदाला आणि त्याच्या भावाला हाक मारली. दोघांनी दोर बांधून कोपऱ्यातला तुकडा धरला, कचरूने बोल्टला पान्हा लावला. पान्हा फिरलाच नाही. बोल्ट भिजलेल्या बिस्किटासारखा त्याच्या बोटांत कुस्करला. तुकडा दोरावर लटकून खुर्चीच्या बरोबर वर आला आणि दोघांनी दोर सावरेपर्यंत तिथेच राहिला.

तुकडा अंगणात टेकला तेव्हा नारायणरावांनी त्याच्यात हात घातला, मूठभर गंज काढला, आणि बराच वेळ दाराजवळ खेळणाऱ्या गार्गीकडे पाहिलं.

"पोरीले तिथीच राहू दे," ते हळू म्हणाले. "काम होईस्तोवर."

"हो, मामाजी," सुचिता म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा तिने सागरसाठी राखून ठेवला होता. त्याचा फोन संध्याकाळी यायचा होता.