एकोणसाठ

सुनेत्रा माळवदेला स्वतःच्या दोन गोष्टींवर भरवसा होता. एक तिचं नाक आणि दुसरी तिची सही. नाकाच्या जोरावर ती कराडहून म्युनिकजवळच्या गार्चिंगला पोचली आणि तिथल्या एका संस्थेत बिअरच्या वासावर डॉक्टरेट करू लागली. सहीमुळे तिचे मार्गदर्शक प्राध्यापक लेंगफेल्डर दरवर्षी बिअर स्पर्धेतल्या मागच्या खोलीचा कारभार तिच्या हाती देत. कराडला आईला तिने 'अन्नप्रक्रियेत पीएचडी' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

२००७च्या ऑक्टोबरातला शनिवार होता. उंटरश्लाइसहाइममधल्या एका भाड्याच्या सभागृहात स्पर्धेचा शेवटचा दिवस चालला होता. सव्वातीन वाजले होते आणि चार वाजता बक्षिसं जाहीर व्हायची होती. मागच्या खोलीत सुनेत्रा रिकामे जग सिंकमध्ये ठेवत होती. तिचा नवरा अनिमेष खुर्चीवर पाय पसरून बसला होता. अनिमेष मोटारींच्या कंपनीतला इंजिनिअर. ऐनवेळी एक माणूस कमी पडला म्हणून तिने त्याला सकाळी अंथरुणातून ओढून आणलं होतं.

"पिल्सचं गोल्ड कोणाला?" त्याने विचारलं.

"एकोणसत्तर नंबरला. फ्राउ आयग्नरना. आपल्या बव्हेरियातलीच जुनी ब्रुअरी. बरं झालं बाई, नाहीतर प्राध्यापकांनी जेवण सोडलं असतं."

ती थट्टा करत होती, पण त्यात तथ्य होतं. दोन-तीन वर्षांपासून अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्या सगळ्या क्रमवाऱ्यांमध्ये वर चढत होत्या. कुणी गॅरेजात भट्टी मांडलेली, कुणी बंद पडलेल्या टायरच्या दुकानात, आणि पदकं मात्र खोऱ्याने ओढत होते. यंदा कडक, काळ्या, हॉप्सच्या कडू फुलांचा भडिमार केलेल्या गटांत त्यांनी सकाळीच चार बक्षिसं नेली होती. जर्मन मंडळी त्यावर नाक मुरडून गप्प बसली. पण पिल्स, ती फिकट सोनेरी बिअर, म्हणजे त्यांच्या देवघरातला देव. तो परक्याने उचलून नेला असता तर सभागृहात सुतक पडलं असतं.

"सिक्स्टी-नाईन ना?" अनिमेष म्हणाला. "सिक्स्टी-नाईन तर ती निळ्या झाकणाची होती. छोट्या बाटल्या. मीच ओतली, तीन फोडाव्या लागल्या."

सुनेत्राच्या हातातला जग तसाच राहिला. निळं झाकण आणि छोटी बाटली म्हणजे ओरेगॉनची ब्रुअरी. फ्राउ आयग्नरच्या बाटलीला पांढरं चिनी मातीचं बूच होतं, तारेने दाबून बसवायचं.

"निळ्या झाकणाची एकोणसाठ होती," ती सावकाश म्हणाली.

"हो, एकोणसाठ. साठ आणि नऊ. सिक्स्टी-नाईन."

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हा गृहस्थ पुण्याच्या भाजीवालीला एकोणचाळीस रुपये म्हणजे फोर्टी-नाईन समजून पन्नासाची नोट देऊन 'सुट्टे राहू द्या मावशी' म्हणाला होता. मुंबईच्या इंग्लिश मीडियमचं हे लेकरू म्हणून सुनेत्राने तो किस्सा साऱ्या मित्रमंडळींत हसून हसून सांगितला होता. आता तिला हसू आलं नाही.

झालं ते असं. अंतिम फेरीत सहा बिअर होत्या. कुठल्या ब्रुअरीचा कुठला आकडा ही यादी एकट्या सुनेत्राकडे. तिने बाटली बघायची, आकडा मोठ्याने म्हणायचा; अनिमेषने छापील कागदावरून त्या आकड्याची चिठ्ठी सोलून जगावर चिकटवायची आणि बिअर ओतायची. मग सुनेत्राने चिठ्ठी डोळ्यांनी बघून सही करायची. याला ते चार डोळ्यांचा नियम म्हणत. दुसरा नियम असा की आकडे जर्मनमध्येच म्हणायचे. सकाळभर दोघांनी दोन्ही नियम पाळले. पण अंतिम फेरीला दारावर थाप पडली, घाई झाली, आणि थकलेल्या जिभेला आपलं घर आठवलं. बारा, सत्तावीस, एकोणसाठ, पस्तीस. चौऱ्याऐंशीला अनिमेषने "म्हणजे?" असं विचारलंही होतं. एकोणसाठला विचारलं नव्हतं, कारण ते आपल्याला येतं असं त्याला वाटत होतं. शेवटी ती एकोणसत्तर म्हणाली तेव्हा कागदावर एकच चिठ्ठी उरली होती. त्याने ती लावून टाकली. आणि सुनेत्राने पुढची बाटली उघडता उघडता सहाच्या सहा सह्या ठोकल्या होत्या, एकही चिठ्ठी न बघता.

तिने ६९ची चिठ्ठी असलेला जग सिंकमधून बाहेर काढला. तळाशी दोन घोट उरले होते. तो तिने नाकाशी नेला. ताज्या कापलेल्या गवताचा आणि किंचित लिंबाच्या सालीचा तो वास होता. आयग्नरच्या बिअरला पावाच्या कडेचा वास होता, तो ५९ची चिठ्ठी लागलेल्या जगमध्ये होता. त्या बिअरचा नंबर चौथा आला होता, आणि चौथ्याला इथे काही मिळत नसे.

"गोल्ड ओरेगॉनचं आहे," ती म्हणाली.

अनिमेष उठला आणि त्याने दार लावून घेतलं. "सुनेत्रा, थांब. नीट विचार कर. कोणाला माहितीये?"

"आपल्याला."

"म्हणजे फक्त दोघांना. त्या माणसाला कळणारसुद्धा नाही की तो जिंकलाय. पुढच्या वर्षी येईल परत. आणि तुझा अर्ज कुठे आहे?"

अर्ज कुठे आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिचा करार डिसेंबरात संपत होता आणि प्रबंध अर्धा बाकी होता. वीस महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज दोन आठवडे प्राध्यापकांच्या टेबलावर पडून होता. "स्पर्धा उरकू द्या, सोमवारी बघतो," असं ते म्हणाले होते. त्यांची सही झाली नाही तर चार वर्षांचं काम कपाटात जाणार आणि तिने घरी बसून नवऱ्याचे डबे भरायचे.

"त्यांनी पंचांसमोर काय म्हटलं ते ऐकलंस ना तू?" अनिमेष हळू आवाजात म्हणाला. ऐकलं होतं. निकालाचे गुण लागल्यावर लेंगफेल्डरांनी पेला उंच धरून सांगितलं होतं की डोळे बांधले तरी आपलं पाणी कळतं, असं पिल्स समुद्रापलीकडे जन्मात होणार नाही. "आता तू जाऊन त्यांना सांगणार की ते समुद्रापलीकडचंच होतं? तेही तुझ्या चुकीमुळे? सोमवारी ते तुझ्या अर्जाचं काय करतील?"

सुनेत्राला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण तो बोलत होता ते सगळं तिच्याही मनात येऊन गेलं होतं. तिने दाराची काच पुसून बाहेर पाहिलं. पहिल्या रांगेत फ्राउ आयग्नर बसल्या होत्या, हिरव्या पारंपरिक पोशाखात. सकाळी त्यांनी सुनेत्राला 'पोरी, दिवसभर उभी असतेस' म्हणून ब्रेत्सेलची, खारट पावांची, पिशवी दिली होती. शेवटच्या रांगेत चौकड्यांचा शर्ट घातलेला तो अमेरिकन, ग्लेन पार्किन्स, बॅग मांडीवर घेऊन बसला होता. मघाशी कॉरिडॉरमध्ये त्याने तिला विमानतळाची एस-बान लोकल किती वाजता आहे ते विचारलं होतं. त्याचा चेहरा निकाल काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचा होता. साडेतीन झाले होते.

"तुला सांगायचंच असेल तर माझं नाव घे," अनिमेष म्हणाला. "चिठ्ठी मी लावली. माझं इथे काय जाणार आहे? हाकलतील, तर घरी जाऊन झोपेन."

या बोलण्याने तिचा राग उतरला. पण हा मार्ग सोपा होता म्हणूनच तिला त्याची भीती वाटली. "सही तुझी नाहीये," ती म्हणाली आणि दार उघडून गेली.

लेंगफेल्डर पंचांच्या खोलीत भाषणाचा कागद बघत उभे होते. उंच, साठी उलटलेले, कोटाची सगळी बटणं लावलेले. जर्मनमध्ये मार्गदर्शकाला 'डॉक्टरपिता' म्हणतात. सुनेत्राला या शब्दाचं पूर्वी हसू यायचं. आज बापासमोर नापासाचं प्रगतिपुस्तक घेऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. तिने तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

त्यांनी हातातला कागद खाली केला.

"पुरावा?"

"प्रत्येकाची एक राखीव बाटली सीलबंद आहे. आणि ६९च्या जगमध्ये थोडी उरली आहे."

"आणा."

तिने तीन पेले आणले. एकात जगमधली उरलेली, बाकी दोन्हींत एकेका राखीव बाटलीतली. कुठल्यात काय हे तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पहिला पेला नाकाशी धरला, मग दुसरा, मग तिसरा. मग पुन्हा पहिला. पहिला आणि तिसरा त्यांनी एकमेकांजवळ सरकवले आणि दुसरा बाजूला केला. पेल्यांवरून त्यांनी नजर वर केली नाही. हे आपल्यामुळे, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांची फार दया आली.

"तिसरा?"

"ओरेगॉन."

त्यांनी खिशातून रुमाल काढून ओठ पुसले. "फ्राउ माळवदे, हे कसं झालं? तुमच्याकडून?"

"मी आकडे आमच्या भाषेत म्हटले. चिठ्ठी लावणाऱ्याने एकोणसाठ हा एकोणसत्तर समजून लावला. मी न बघता सही केली. चूक माझी आहे."

"तुमच्या भाषेत हे दोन आकडे सारखे आहेत?"

"नाही. आमच्यात एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. तो साठ आणि नऊ समजला."

"साठाला एक कमी," ते स्वतःशीच म्हणाले. "आकड्यातच वजाबाकी. आणि तुम्ही लहानपणी हे पाठ करता?"

"हो."

"विचित्र आहे," एवढं बोलून त्यांनी भाषणाचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला. घड्याळात चारला पाच कमी होते. "तुम्ही मागच्या खोलीत जाऊन बसा. बाहेर येऊ नका."

आता काय होणार ते तिला कळेना. बाहेर येऊ नका, म्हणजे प्रकरण दाबणार का? मागच्या खोलीत ती अनिमेषशेजारी बसली. दोघांनी एकमेकांचा हात धरला नाही. भिंतीतून माईकचा आवाज येत होता. पिल्सचा गट आला तेव्हा आवाज थांबला, आणि इतका वेळ थांबला की अनिमेषने तिच्याकडे पाहिलं.

"मी आज पंचांसमोर म्हणालो," लेंगफेल्डरांचा आवाज आला, "की डोळे बांधले तरी आपलं पाणी मला कळतं. आमच्या मागच्या खोलीत दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ती चूक आमच्याच माणसांनी शोधून काढली. मी पुन्हा चाखून खात्री केली. मी ज्या बिअरला आपलं पाणी म्हटलं, ती ओरेगॉनची आहे. सुवर्णपदक त्यांचं."

सभागृहात कुणीच टाळी वाजवली नाही. मग कुठेतरी एक टाळी पडली. सुनेत्राने दाराच्या काचेतून पाहिलं. फ्राउ आयग्नर उभ्या राहून, ओठ घट्ट दाबून एकट्याच टाळ्या वाजवत होत्या. पदक आपलंच होता होता राहिलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हळूहळू बाकीचे उठले. शेवटच्या रांगेतला ग्लेन पार्किन्स मात्र जर्मन भाषणाकडे कानच न दिल्यामुळे सगळे कुणासाठी उभे राहिले ते बघायला मागे वळून पाहत होता. मागे भिंत होती.

सुनेत्रा तिथेच भिंतीला टेकून रडली.

संध्याकाळी सामान आवरताना लेंगफेल्डर खोलीत डोकावले. "पुढच्या वर्षी या खोलीत दुसरं कुणी असेल," ते म्हणाले, आणि गेले. मुदतवाढीबद्दल चकार शब्द नाही. रविवार तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. अनिमेषने केलेली खिचडीही ताटात तशीच राहिली.

सोमवारी सकाळी संस्थेतल्या तिच्या टपालाच्या खणात अर्ज पडला होता. ती कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्याच खालपासून वाचू लागली. सही होती. सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: आकडे कृपया जर्मनमध्ये. मग तिची नजर वर गेली. तिने मागितलेल्या वीस महिन्यांवर पट्टी धरून सरळ रेघ मारली होती आणि शेजारी शाईने नवा आकडा लिहून त्यावर आद्याक्षरं केली होती.

खिशातला फोन वाजला. अनिमेष होता. "मिळाले? किती महिने?"

"एकोणीस."



"म्हणजे नाइन्टीन ना?" तो म्हणाला. "नीट सांग. विचारून घेतोय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "विसाला एक कमी."