सांगितलं त्याच्या दुप्पट

लोक दारूबद्दल खोटं बोलतात, हे शोधून काढायला आमच्या संस्थेला अकरा वर्षं लागली. कुणाच्याही बायकोने ते एका दमात सांगितलं असतं, पण बायकांच्या बोलण्याला तळटीपा नसतात, त्यामुळे ते संशोधन ठरत नाही.

आमची संस्था नशेचा अभ्यास करते. दारू आणि गांजा, दोन्हींचा. मी तिथे उपसंचालक आहे आणि माझं काम आकड्यांचं. आमची माणसं घरोघर जाऊन विचारतात, गेल्या आठवड्यात किती घेतलीत? लोक सांगतात, एखादा पेग, तोही पाहुणे आले म्हणून. ही सगळी उत्तरं मी एकत्र केली आणि त्याच आठवड्यात शहरातल्या दुकानांतून किती दारू खपली तेही पाहिलं. कबुली मिळाली फक्त एक तृतीयांशाची. म्हणजे उरलेली दारू लोक एक तर कुंड्यांना घालतात, नाहीतर थापा मारतात. कुंड्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तेव्हा मी निष्कर्ष काढला: माणूस सांगेल त्या आकड्याला तीनने गुणावं.

तीन. महिनाभर घरी जेवताना मी दुसरं काही बोललो नाही. बायको वाढत असायची आणि मी तिला समजावत असायचो की माणूस मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, त्याला स्वतःलाच आपला आकडा लहान दिसतो. बोलता बोलता मी ग्लास पुढे करायचो. बायको हं हं करायची. तिला या विषयात रस नाही अशी माझी समजूत होती.

मग आरोग्य खात्याची बैठक झाली. खातं नवं धोरण आखत होतं आणि त्याच्या मसुद्यात एक अडचणीचं कलम होतं. धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्यांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तर दारूच्या दुकानांच्या वेळा कमी करायच्या आणि जाहिराती बंद करायच्या. तीनने गुणलं की प्रमाण मर्यादेच्या वर जायचं. दोनने गुणलं की शहाण्यासारखं खाली बसायचं.

"तीन जरा भडक वाटतो," सचिवसाहेब म्हणाले. भिंतीला रंग निवडायला मला बोलावलं आहे असंच वाटलं मला.

मी म्हणालो, "साहेब, हा अभ्यासातून आलेला आकडा आहे."

"अभ्यास आहेच हो. पण दोन कसा समंजस वाटतो बघा. पुढच्या वर्षी तुमचे संचालक निवृत्त होतायत ना? त्या जागेवर आम्हाला समंजस माणूसच हवाय."

मी कागदाकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. दोनमध्येही काही गुण होते.

गांजाचा विषय त्यानंतर पाच मिनिटांत उरकला. नव्या कायद्याने तो नुकताच दुकानांत मिळायला लागला होता. खात्यातलं कुणी तो घेत नव्हतं, निदान तसं सांगत तरी नव्हतं. त्यामुळे तिथे कडक धोरण धरायला कुणाचीच हरकत नव्हती. माझ्या अभ्यासाप्रमाणे गांजाचा आकडा जेमतेम दीड येत होता. सचिवसाहेबांनी त्याचे चार करायला सांगितले. मी केले. मग चहा आला आणि सगळ्यांनी विज्ञानाचे आभार मानले.

पुढच्या सर्वेक्षणात आम्हाला अख्ख्या शहरात खरं बोलणारी एकच व्यक्ती सापडली. माझ्या सासूबाई. त्या गुडघ्यांसाठी झोपताना गांजाच्या तेलाचे दोन थेंब घेतात, डॉक्टरांनी लिहून दिलेले. प्रश्न विचारायला आलेल्या मुलीला त्यांनी ते सांगितलं, बाटली आणून दाखवली आणि वर तिला खुर्ची देऊन विचारलं, तुझेही पाय दुखत असतील ना गं हिंडून हिंडून? दोन गुणिले चार आठ. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी छापील पत्र गेलं की आपण गंभीर जोखमीच्या गटात आहात, तरी समुपदेशनासाठी यावे. खाली सही माझी होती. सासूबाईंनी पत्राची घडी घालून ते औषधांच्या डब्यात ठेवलं. बायको आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

दारूचा दोन मात्र फार लोकप्रिय झाला. खात्याने त्याचं कार्ड छापून प्रत्येक इस्पितळात पाठवलं. ऑपरेशनच्या आधी रुग्ण किती पितो हे डॉक्टरांना कळावं लागतं, आणि रुग्ण तर सांगत नाहीत. म्हणून कार्डावर लिहिलं होतं: "रुग्ण सांगेल त्याच्या दुप्पट धरा. रोज पाच पेगांच्या वर आकडा आल्यास ऑपरेशनपूर्वीच प्रतिबंधक औषध सुरू करा." सुटसुटीत, दोन ओळींचं कार्ड होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव होतं.

त्यानंतर वर्षभराने माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. सोमवारी सकाळी तपासणीसाठी मी बायकोबरोबर भूलतज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसलो होतो. संचालकपदासाठी आरोग्याचा दाखला लागतो आणि तोही याच इस्पितळातून जाणार होता. त्यात एक रकाना असतो, मद्यपान: कमी, मध्यम, जास्त. नशेवरच्या संस्थेचा संचालक "जास्त" असून चालत नाही. मध्यम चालतो. मागचे दोघं मध्यमच होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पस्तिशीच्या आत. त्यांनी संमतीपत्र पुढे केलं. मी सही केली, ती जरा वाकडी आली. रक्त तपासायचं म्हणून सकाळपासून उपाशी होतो आणि खोलीतला एसी उगाचच जोरात होता. डॉक्टरबाईंच्या मागे, उंची मोजायच्या पट्टीशेजारी, चिकटपट्टीने माझं कार्ड लावलेलं होतं. मला बरं वाटलं. आपलं काम भिंतीवर लागलेलं कितीजणांना पाहायला मिळतं?

"दारू घेता?"

"घेतो की," मी म्हणालो. इथे 'कधीतरी' म्हणणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यांच्यातला नव्हे. "रोज. दोन."

हे मी धीटपणे, बायकोसमोर सांगितलं. त्यात हिशेब होता. दोनची दुप्पट चार. चार म्हणजे पाचच्या आत. पाचच्या आत म्हणजे मध्यम. माझंच कार्ड होतं, मला त्याच्या खाचाखोचा ठाऊक असणारच.

त्यांनी भिंतीकडे नजर टाकली आणि चार लिहिले. मध्यमवर खूण केली. "गांजा?"

"छे."

"शून्य," त्या म्हणाल्या. "त्याला चारने गुणलं तरी शून्यच."

मी हसलो. बायको हसली नाही. ती मांडीवरच्या फाइलचे कोपरे जुळवत बसली होती.

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि परत काढलं. "घाबरवायचं म्हणून नाही सांगत. पण हे मी आता सगळ्यांनाच सांगते. गेल्या महिन्यात एक सुतार आले होते, तुमच्याच वयाचे. तेही म्हणाले, रोज दोन. मी कार्डाप्रमाणे चार धरले आणि औषध दिलं नाही. रोज भरपूर घेणाऱ्याची अचानक बंद झाली की शरीर बिथरतं. तिसऱ्या दिवशी त्यांना छतावर मुंग्या दिसायला लागल्या. त्यांनी नळ्या ओढून काढल्या, मग झटके आले. चौथ्या दिवशी गेले."

"गेले?" बायकोने विचारलं.

"हो. त्यांच्या मिसेस नंतर बाहेरच्या बाकावर बसून सांगत होत्या, रोज सहा घ्यायचे. इथे माझ्यासमोर मात्र गप्प बसल्या होत्या, नवऱ्याला चारचौघांत खाली कशाला बघायला लावायचं म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणून दोनदा विचारते. दोनच ना?"

बे त्रिक सहा. सहा म्हणजे पाचच्या वर. सुताराला औषध मिळालं असतं आणि आज तो कुठेतरी दाराची फळी तासत असता. हे गणित तिसरीतल्या पोराला जमलं असतं आणि मला तर ते वर्षभरापूर्वीच जमलं होतं. मला लाज वाटली, अगदी खरी लाज वाटली. पण त्याच वेळी संचालकांच्या खोलीतली खिडकी डोळ्यांसमोर आली. माझ्या खोलीला खिडकी नाही.

"दोनच," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि कागद फाइलमध्ये घालायला घेतला.

"अहो," बायको म्हणाली, "तो आकडा तीन होता ना?"

"कुठला आकडा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो, भिंतीवरचा. ह्यांनीच काढलाय. महिनाभर आमच्याकडे जेवताना तीन, तीन चाललं होतं. भाजीत मीठ नव्हतं तरी कळलं नाही ह्यांना. मग कसलीशी बैठक झाली आणि घरी आले ते दोन घेऊन."

डॉक्टरबाई उठल्या. कार्डाच्या कोपऱ्यातलं बारीक नाव त्यांनी वाचलं, मग फाइलवरचं वाचलं. मला वाटलं आता बोलतील, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, त्यात धोरण होतं, व्यापक सहमती होती. त्यांनी टेबलावरचा जाड मार्कर उचलून माझ्यासमोर धरला.

"तीन खरा आहे?"

"खरा आहे," मी म्हणालो.

"मग दुरुस्त करा. बाहेर अजून पाच जण बसलेत."

मी उठून भिंतीपाशी गेलो. 'दुप्पट' खोडलं, ते जमलं. खोडण्याची आमच्या संस्थेत सगळ्यांनाच सवय आहे. मग शेजारी तीनचा आकडा काढायला घेतला. वरचा गोल कसाबसा आला. खालच्या गोलाच्या वेळी मार्कर कार्डावरून घसरला आणि उंचीच्या पट्टीपर्यंत काळी रेघ ओढून थांबला. मी डाव्या हाताने मनगट धरलं. आता दोन्ही हात हलायला लागले.

"एसी फार आहे इथे," मी म्हणालो.

"एसी बंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आकड्याकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहत होत्या. "शेवटची कधी घेतलीत?"

"काल संध्याकाळी."

"किती?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी मनापासून आठवून, एकेक मोजून, अगदी खरं सांगितलं. "पाच."

"आठ," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. वाद घालायला तोंड उघडलं आणि माझंच वाक्य आठवलं, ग्लास पुढे करत सांगितलेलं: माणसाला स्वतःलाच आपला आकडा लहान दिसतो. म्हणजे ती हं हं करत होती तेव्हा ऐकत होती.

डॉक्टरबाईंनी चार खोडून आठ लिहिले. मध्यमवरची खूण काट मारून काढली आणि जास्तवर केली. त्याला दोन सेकंद लागले असतील. मग त्यांनी औषधाचं नाव लिहिलं, आजपासूनच सुरू करा, ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकलू, म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली.

माझ्या हातात अजून तो मार्कर थरथरत होता. बायकोने तो काढून घेतला, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवला. फाइल काखेत घेतली.

"माझ्या आईच्या दोन थेंबांचे आठ केलेत," ती म्हणाली, "तेव्हा नाही हो हलला तुमचा हात."