गौंच्या दुकानाबाहेरची रांग

चेंगदूमध्ये रिकाम्या खानावळीत कोणी जेवत नाही. आत जागा आहे म्हणजे जेवण वाईट असणार, अशी इथली साधी समजूत. आमच्या दुकानात आठ टेबलं होती आणि आठही कायम रिकामी. त्या हिशेबानं आमचं जेवण शहरात सर्वांत वाईट असायला हवं होतं.

ते नव्हतं. माझे बाबा डुकराच्या आतड्यांचा रस्सा करतात आणि त्यात रताळ्याच्या पिठाच्या शेवया घालतात. तीस वर्षं हेच करताहेत. दुसरं काही त्यांना येत नाही. चेष्टा नाही, त्यांच्या हातून साधा भातसुद्धा लागतो.

घरमालकीण श्येनबाई एका रविवारी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "गौ, पुढच्या रविवारी बाराला येते. आठही टेबलं भरलेली दिसली तर करार वाढवीन. नाहीतर दूध-चहाच्या दुकानवाले कागद घेऊन तयार आहेत."

"आठही?" बाबा म्हणाले.

"सात म्हटलं असतं, पण मग तुम्ही सहा म्हणाल."

सोमवारी सकाळी आतडी धुता धुता बाबा म्हणाले, "मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझ्या हातांचा वास साबणानं जात नाही. मला दुसरीकडे कोण ठेवून घेईल?"

माझी नोकरी जाऊन पाच महिने झाले होते, आणि माझ्या हातांना तर वासही नव्हता.

म्हणून मी रांग आणायला गेले. बागेत शिंग आजी असतात, बसच्या निवृत्त कंडक्टर. तीस म्हातारेकोतारे त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी त्यांना सांगितलं, दुकानासमोर बसा, नंबराचं तिकीट घ्या, नंबर पुकारला तरी आत येऊ नका, तो बाद झाला की नवा घ्या.

"म्हणजे बसायचं, चहा प्यायचा आणि जेवायचं नाही," आजी म्हणाल्या. "हे तर आम्ही इथेच करतो."

"तिकडे सूर्यफुलाच्या बिया आहेत."

"भाजलेल्या?"

"भाजलेल्या."

"छत्तीस वर्षं लोकांना आत कोंबलं," त्या उठत म्हणाल्या. "आता बाहेर थोपवून बघू."

मंगळवारी दहाला तीस जण हजर. अकरापर्यंत रांग पाहून खरी गिऱ्हाइकं मागे उभी राहू लागली. बाबांनी दारातून डोकावून पाहिलं आणि दोन पातेली जास्त चढवली. त्यांचा तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

पण आमच्या गावात हात रिकामे ठेवून कोणी वाट पाहत नाही. म्हाताऱ्यांनी माहजाँगच्या सोंगट्या आणि टेबलं आणली होती. टेबलाला चौघं लागतात. जिथे एक कमी पडला तिथे खऱ्या गिऱ्हाइकांना बसवलं. मी माईकवरून चौतीस नंबर पुकारला. चष्मा लावलेला एक तरुण उठला. टेबलावरच्या तिघांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आमच्याकडे नवरा सोडता येतो, नोकरी सोडता येते. तिघांना टेबलावर सोडून चौथ्याला उठता येत नाही. असा माणूस पुढे आयुष्यभर एकटाच चहा पितो.

तो तरुण खाली बसला.

"चौतीस," मी पुन्हा म्हणाले.

"पुढचा घ्या, ताई."

पुढचा दुसऱ्या टेबलावर अडकला होता. चष्मेवाल्याच्या टेबलावरचे बाकीचे नंबर होते एक्कावन्न, साठ आणि अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीची पाळी येईपर्यंत चौतीस बाद. संध्याकाळी बाहेर एकशे चाळीस माणसं होती. आत दोन वाट्या रस्सा संपला. त्यातली एक मी प्यायले.

"उद्या येतील," बाबा म्हणाले, आणि पातेली रिकामी केली.

गुरुवारी आम्ही फोनवरच्या यादीत आलो. कुठे खावं, कुठे प्यावं, रविवार कुठे घालवावा, असे त्या यादीचे तीन भाग असतात. आम्ही खाण्यात नव्हतो. फुरसतीच्या ठिकाणांत होतो. साडेचार तारे. कोणीतरी लिहिलं होतं: 'उत्तम रांग. सावली आहे. माणसं प्रेमळ. आत काय आहे ठाऊक नाही.'

शनिवारी लोक आपापले खाण्याचे डबेही घेऊन आले.

रविवारी साडेअकराला बाबा ॲप्रन घालून बाहेर पडले. टेबलाटेबलाशी वाकून विनवू लागले, "आत या. फक्त अर्धा तास. फुकट देतो."

"काका, मध्ये घुसू नका," कोणीतरी म्हणालं.

"मी मालक आहे."

"मग तर तुम्ही आधी नियम पाळायला हवेत."

बाबांनी नंबर घेतला. दोनशे बारा.

मी शिंग आजींना म्हटलं, "आजी, टेबलं उचलून आत चला ना. तिथेच खेळा."

"आत गेलो तर रांग कुठे राहिली?" त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय तुला."

"मीच तो परत घेते."

"शब्द दिलेला परत घेत नसतात, पोरी. भाज्यांसारखं आहे का ते?"

इतक्यात त्यांच्या टेबलावरच्या एका आजोबांना सुनेनं फोन करून घरी बोलावलं. सुनेपुढे माहजाँगचंही चालत नाही. राहिले तिघं. तिघांनी वर पाहिलं, तर समोर बाबा.

"बसा, गौ."

"मला आता..."

"तिघं आहोत."

बाबा बसले.

बाराला श्येनबाई आल्या, मागे दूध-चहावाल्यांचा माणूस, काखेत फाइल. त्यांनी काचेतून आत पाहिलं. आठ टेबलं, रस्सा उकळतोय, माणूस एकही नाही. मग त्या बाबांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या.

"ही सोंगटी का टाकलीत?"

"घाबरून," बाबा म्हणाले.

"हातात तीन सारख्या होत्या."

"श्येनबाई, हे दुकान गेलं तर मी..." म्हणत बाबा उभे राहिले, आणि बोलणं पुरं होण्याआधी सगळ्यांच्या लक्षात आलं की टेबलावर पुन्हा तिघंच आहेत. तिघांनी श्येनबाईंकडे पाहिलं.

बाईंचा जन्म चेंगदूचा. त्यांनी पर्स खुर्चीला अडकवली. "एकच डाव."

फाइलवाला शांघायहून आला होता. त्यानं दहा मिनिटं धीर धरला. "मॅडम, सही?"

"नंबर घ्या," श्येनबाई म्हणाल्या.

शिंग आजींनी छत्तीस वर्षं सुट्टे पैसे आणि माणसं दोन्ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता हाताळली होती. श्येनबाई पहिला डाव हरल्या, दुसरा हरल्या. चारला फाइलवाल्याचं विमान होतं. तो निघून गेला. सहाला आजींनी सोंगट्या आवरल्या, तेव्हा श्येनबाई नऊ डाव हरल्या होत्या आणि त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते.

बाबा त्यांच्यापुढे हात जोडून उभे. ॲप्रन अजून अंगावर.

"आठातलं एकही टेबल भरलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पण हरलेल्या जागेवरून मी उठत नाही. नऊ डाव परत जिंकेपर्यंत दुकान राहील. नववा जिंकला की त्याच दिवशी दूध-चहावाल्यांच्या कागदावर सही." त्यांनी पर्स उचलली. "आणि माझ्या टेबलावर तुम्ही हवेत, गौ. इतकं वाईट खेळणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. रोज दहा ते सहा."

"मग रस्सा कोण करणार?"

"तो तुमच्या घरचा प्रश्न."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मी आतडी धुते. आधी पिठानं, मग मिठानं, मग पुन्हा पिठानं. वास आता माझ्याही हाताला लागलाय. बाबा रात्री जेवताना शिंग आजींकडून खेळ शिकतात, पण त्यांच्या डोक्यात काही राहत नाही. पहिल्या आठवड्यात श्येनबाईंनी चार डाव परत मिळवले, काल आणखी दोन. उरले तीन.

आज सकाळी बाबांनी टेबलावरूनच विचारलं, "मीठ घातलंस का?"

"घातलं," मी आतून म्हणाले. "तुम्ही डावाकडे बघा."

"बघतोय."

"मग आत्ता काय टाकलंत?"

त्यांनी टाकलेली सोंगटी परत उचलू पाहिली. श्येनबाई हसल्या.